बुडाचं बूच

तळपणच्या काठावर ती दोन पावसाळे उपडी पडून होती,
खाली कोंबड्या अंडी घालायच्या.
मिंगेल रिबेल म्हणाला, अंड्यांसकट घेऊन जा.
अठरा हजार. इंजीन वेगळं.

फायबरच्या होडीच्या पोटात लाकूड असतं
हे मला माहीतच नव्हतं.
इंजीन टांगायची मागची फळी ग्राइंडरने उघडली,
तर आत प्लायवूड चहात बुडवलेल्या पावासारखं.
चमच्याने काढलं.
खरंच चमच्याने, घरच्या, आमटीच्या.

काचेची चटई कापताना
भावाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाकाला फडकं,
तरी रात्री मनगटं पेटायची,
बांगड्यांच्या खाली, बरोब्बर गोलात.
हिरवी काच इतकी वर्षं मुकाट होती,
ही केसाएवढी पांढरी काही केल्या झोपू देईना.
तिसऱ्या दिवशी बांगड्या डब्यात ठेवल्या.
शेजारची सुलक्षा दचकली, काय झालं गो?
म्हटलं, होडी झाली.

जादूराम बेहेरा कुटबणला जायच्या आधी
नऊ दिवस शिकवून गेला :
शंभराला दीड.
ढग असले तर दोन.
डोक्यात राग असला तर आज राहू दे.
मी रागात तीन घातलं.
बादलीतून धूर आला, मग वितळला,
रेझिनचा दगड झाला आणि पायरीला चिकटला.
अजून आहे. त्यावर मांजर बसतं.

बाबांनी आयुष्यभर काथ्याने शिवलेल्या होड्या चालवल्या.
याला रेषा नाही, म्हणाले,
दुखतं कुठे ते कसं कळणार?
मी दहाचं नाणं घेऊन बूड वाजवलं, वीतभर वीतभर.
टक, टक, टक, ढब.
ढब वाजेल तिथे खडूची फुली.
अकरा फुल्या. अकराही कापल्या, भरल्या, घासल्या.
बाबांना इंजिनांनी बहिरं केलंय,
ते माशांच्या क्रेटवर बसून नुसते बघत होते.
संध्याकाळी उठले. तू वाजव, म्हणाले,
आणि तळहात ठेवून मागे मागे सरकत आले.
हांगा.
टक, मी म्हटलं. टकच वाजतंय.
हांगा.
त्यांना खोटं पाडायला कापलं.
आत तळव्याएवढी पोकळी, कोरडी.
कुणाची तरी घाई,
वीस वर्षं तशीच बंद राहिलेली.

पुढची कामं त्या मानाने सरळ :
स्टीलचे बोल्ट, प्रत्येकाच्या मानेभोवती सीलंट,
पेट्रोलची नळी, तिचा पंप दाबून दाबून अंगठा सुजला,
बॅटरी, एक दिवा हिरवा एक लाल,
दोन्ही आधी उलट्या बाजूंना लागले.
उलांडी मात्र बाबांनी बांधली,
बोल्टला हात लावू दिला नाही.
सुंभ ओला करून, दातात धरून,
गाठ दाखवा म्हटलं तर पाठ फिरवली.

बंदी उठली त्या सकाळी नऊ जणांनी ढकलली.
इंजिनाची लाल दोरी मनगटाला अडकवली,
म्हणजे मी पाण्यात पडले तर ते थांबेल.
नारळ सोडला. ती तरंगली.
कुणीतरी शिटी मारली.
मग घोट्याला गार लागलं.

मी माझे सगळे जोड बघितले.
मागची फळी, अकरा फुल्या, बारावी.
पाणी कुठूनच येत नव्हतं आणि येत होतं.
बाबा काठावरून हसत होते, पोट धरून,
आणि अंगठ्याने खाली दाखवत होते.

बूच.
पाणी सोडायच्या भोकाचं बूच.
हरवू नये म्हणून नीट ठेवलेलं,
बांगड्यांच्या डब्यात.

भाचा घरी धावला.
तोवर मी टाच भोकावर रोवून बसले,
नऊ माणसं काठावर, कुणी चहा मागवला.
टाचेला नदी खालून ढुशा देत होती,
भरतीची, बारीक, थांबून थांबून.
बाबा कमरेभर पाण्यात आले, कडेला हात टेकला,
ओरडूनच विचारतात ते सगळं :
काय कळतंय?

थंड आहे, मी म्हटलं.
त्यांना ऐकू गेलं नाही.
मान हलवली, बरोबर म्हणाल्यासारखी.